कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोण खेळणार हे जज का ठरवतायत?

नमस्कार मंडळी. आजचा विषय अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा आहे, पण मॅचबद्दल नाही, एलिजिबिलिटीबद्दल. म्हणजे कोणाला खेळायची परवानगी आहे आणि कोणाला नाही. तुमच्यापैकी जे मार्च मॅडनेस, म्हणजे तिकडची मार्चमधली मोठी कॉलेज टूर्नामेंट, बघतात किंवा तिकडे शिकायला-नोकरीला आहेत त्यांनी या वर्षी ही भांडणं ऐकलीच असतील. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो, कारण प्रकरण वाटतं त्यापेक्षा बरंच खोल आहे.

चार्ल्स बेडियाको. सात फुटी सेंटर, मूळचा कॅनडाचा. २०२१ ते २०२३ अशी दोन वर्षं अलाबामा युनिव्हर्सिटीकडून खेळला, मग कॉलेज सोडून एनबीए ड्राफ्टला, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्याला, उभा राहिला, कोणी घेतलं नाही. नंतर सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर टू-वे कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळता येईल असं, सही केलं, एनबीएच्या मेन टीममध्ये मॅच मिळाली नाही, जी लीगमध्ये खेळत राहिला. जी लीग म्हणजे एनबीएची खालची लीग, पगारी. आणि जानेवारी २०२६ मध्ये हाच माणूस परत अलाबामाच्या जर्सीत कोर्टवर! कॉलेज स्पोर्ट्स चालवणाऱ्या एनसीएएनं नाही सांगितलं होतं, मग हा गेला टस्कलूसाच्या लोकल कोर्टात, म्हणजे अलाबामा युनिव्हर्सिटी ज्या गावात आहे त्याच गावात, आणि जजनी तात्पुरता आदेश दिला की खेळू द्या. काही दिवस आधी जी लीगमध्ये खेळणारा पोरगा टेनेसीविरुद्ध कॉलेजची मॅच खेळला. मग कळलं की आदेश देणारे जजसाहेब अलाबामाच्या ॲथलेटिक्सला देणगी देणाऱ्यांमधले आहेत, एनसीएएनं आक्षेप घेतला, ते बाजूला झाले, दुसरे जज आले आणि फेब्रुवारीत त्यांनी बेडियाकोची मागणी फेटाळली. तोवर पाच मॅच होऊन गेल्या होत्या.

आता विचार करा, त्या पाच मॅचमध्ये समोर जी टीम होती, त्यातल्या पोरांनी काय करायचं?

बरं, मूळ नियम काय ते पटकन सांगतो. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सची मुख्य संस्था. डिव्हिजन वनमध्ये बरीच वर्षं चालत आलेला हिशेब असा की कॉलेजात नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या पाचात तुम्ही चार सीझन खेळू शकता. एक वर्ष दुखापत, रेडशर्ट (म्हणजे टीममध्ये राहून एक सीझन न खेळणं) वगैरेसाठी सोडलेलं. कोविडमुळे २०२०-२१ चा सीझन मोजायचाच नाही असं ठरलं, त्यामुळे मध्ये बरेच खेळाडू पाच सीझन खेळले. या मोजणीशिवाय मार्कांच्या अटी वेगळ्या, ट्रान्सफरच्या वेगळ्या, आणि सगळ्यात मोठी अट असायची ती म्हणजे तुम्ही ॲमॅच्युअर पाहिजे, खेळून पैसे घेतलेले नकोत.

या शेवटच्या अटीनं किती पोरांचं नुकसान केलंय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

एनेस कँटर. तुर्कस्तानचा मुलगा, टीनएजर असताना इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबकडून खेळला आणि २०१० मध्ये केंटकी युनिव्हर्सिटीला आला. एनसीएएनं हिशेब काढला की क्लबकडून याला खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त मिळालेत. म्हणजे खर्च धरून नाही, खर्च वजा करून तेहतीस हजार तेहतीस, इतक्या बारकाईनं. निर्णय काय, तर कायमचा अपात्र. पोरगा केंटकीच्या टीमबरोबर प्रॅक्टिसला असायचा पण कॉलेजची एकही मॅच खेळला नाही. २०११ च्या ड्राफ्टमध्ये युटा जॅझनी त्याला तिसऱ्या नंबरवर उचलला म्हणून त्याचं भागलं, पण प्रत्येकाचं असं भागत नाही.

दुसरी केस जेम्स वाइजमन, २०१९, मेम्फिस. ही मला जास्त लागते. मेम्फिसचा कोच पेनी हार्डवे, स्वतः मोठा एनबीए प्लेयर. त्यानं २०१७ मध्ये, म्हणजे तो तेव्हा शाळेचा कोच होता, वाइजमनच्या घरच्यांना मेम्फिसला शिफ्ट व्हायला ११,५०० डॉलरची मदत केली. आणि २००८ मध्ये हार्डवेनं मेम्फिस युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलरची देणगी दिली होती, तो तिथलाच जुना विद्यार्थी. एनसीएए म्हणाली की देणगी दिली म्हणजे तू बूस्टर, कॉलेजच्या खेळाचा पाठीराखा, आणि बूस्टरकडून खेळाडूच्या घरच्यांनी पैसे घेतले म्हणजे खेळाडू अपात्र. देणगी दिली तेव्हा वाइजमन सात वर्षांचा होता हो! इथेही घरच्यांनी लोकल कोर्टातून तात्पुरता आदेश आणला, पोरगा त्याच रात्री खेळला, मग केस मागे घेतली, आणि शिक्षा ठरली १२ मॅचचं सस्पेन्शन आणि वर ११,५०० डॉलर चॅरिटीला द्यायचे. कॉलेजच्या पोरानं ते कुठून आणायचे? तीन मॅच खेळून डिसेंबरमध्ये त्यानं कॉलेज सोडलं. आणि २०२२ मध्ये या सगळ्याचा निकाल लागला तेव्हा स्वतंत्र पॅनेलनं मेम्फिसला प्रोबेशनवर ठेवलं पण हार्डवेला काहीच शिक्षा केली नाही. मोठी माणसं सुटली, भोगलं कोणी तर त्या पोरानं.

आता इथून गाडी कशी वळली ते बघा. जून २०२१, सुप्रीम कोर्ट, ऑल्स्टन केस, निकाल ९-० असा एनसीएएच्या विरोधात. केस तशी छोटी होती, शिक्षणाशी संबंधित फायद्यांवर लिमिट घालता येईल का एवढीच, पण कोर्टानं स्पष्ट केलं की मक्तेदारीविरोधी कायदा एनसीएएलासुद्धा लागू होतो, ॲमॅच्युअर म्हणून वेगळी सवलत नाही. लगेच १ जुलैपासून एनआयएल सुरू, म्हणजे खेळाडू आपलं नाव, फोटो, ओळख वापरून जाहिरातीतून कमावू शकतो. मग जून २०२५ मध्ये हाउस सेटलमेंट, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या केसमधली तडजोड, त्यात कॉलेज स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

एकदा पैसा उघडपणे आला की वकिलांना मुद्दा मिळाला. आधी एलिजिबिलिटीचा नियम म्हणजे शिक्षणाचा नियम असं म्हणता यायचं. आता खेळाडू म्हणतो, साहेब, हा एक सीझन म्हणजे माझी कमाई आहे, तुम्ही मला बाहेर बसवता म्हणजे माझा धंदा अडवता. आणि कोर्टांना ते पटायला लागलं, निदान काही कोर्टांना.

रेक्वान बॅटलची केस यात महत्त्वाची. वॉशिंग्टन राज्यातल्या टुलालिप रिझर्वेशनमधला मूलनिवासी मुलगा, आधी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, मग मोंटाना स्टेट, मग वेस्ट व्हर्जिनिया. दुसऱ्यांदा कॉलेज बदललं म्हणून एनसीएए म्हणाली एक वर्ष बस. त्यानं मानसिक आरोग्याचं कारण देऊन सूट मागितली, नाकारली. त्यात अनेक राज्यांनी मिळून एनसीएएवर केस टाकली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो स्वतः फेडरल कोर्टात साक्षीला उभा राहिला, तिथल्या तिथे जजनी नियमाला स्थगिती दिली. पण लगेच पोरांना दुसरीच भीती, की आत्ता खेळलो आणि पुढे हा आदेश उलटला तर? कारण एनसीएएचा एक नियम आहे, कोर्टाच्या आदेशावर खेळलात आणि नंतर आदेश रद्द झाला तर मॅचचे निकाल, रेकॉर्ड सगळं काढून घेता येतं. म्हणजे कोर्टात जिंकून पण पोरगा बेंचवर घाबरून बसणार. शेवटी दोन्ही बाजूंनी सीझनभर स्थगिती चालू ठेवायची असं ठरवलं आणि २०२४ मध्ये नियमच बदलला, आता मार्क नीट असतील तर कितीही वेळा ट्रान्सफर करा.

मग अमेरिकन फुटबॉलमधून डिएगो पाविया आला. म्हणाला, ज्युनियर कॉलेजची (दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजची) वर्षं माझ्या चार सीझनमध्ये धरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीच्या फेडरल कोर्टानं त्याच्या बाजूनं आदेश दिला आणि त्याच्यामागे लाईन लागली. विस्कॉन्सिनच्या एका फुटबॉल खेळाडूला मात्र खालच्या कोर्टात मिळालेला दिलासा जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टानं काढून घेतला. म्हणजे प्रश्न तोच, देश तोच, तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर तुमचं करिअर ठरणार. मला हे बिलकुल पटत नाही.

आणि एनसीएएची स्वतःची भूमिका तरी एक आहे का? डिसेंबर २०२५, जेम्स नाजी. नायजेरियाचा, बार्सिलोनाकडून युरोपात प्रो खेळलेला, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ३१ व्या नंबरवर निवडलेला. बेलर युनिव्हर्सिटीनं त्याला सीझनच्या मध्यात आणला आणि एनसीएएनं परवानगी दिली! युरोपात पगारावर खेळलेला, ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं गेलेला खेळाडू चालतो, आणि पंधरा वर्षांपूर्वी ३३,०३३ डॉलरसाठी कँटरला हाकललं. कोच लोक भडकले, जॉन कॅलिपारी तर खूपच, आणि लक्षात घ्या, कँटरच्या वेळी केंटकीचा कोच हाच होता. मग एनसीएएचे प्रेसिडेंट चार्ली बेकर यांनी सांगितलं की ज्यानं एनबीए कॉन्ट्रॅक्ट सही केलंय, टू-वे धरून, त्याला परवानगी नाही. नाजीनं सही केली नव्हती म्हणून तो आत, बेडियाकोनं केली होती म्हणून तो बाहेर.

माझं मत सांगतो. सहीची रेघ मला मान्य आहे, कुठेतरी रेघ पाहिजेच, आणि त्या हिशेबानं बेडियाकोला परत पाठवणं बरोबरच होतं. चूक इथे आहे की ही रेघ नाजी आल्यावर, आरडाओरडा झाल्यावर, सीझनच्या मध्यात सांगितली गेली. वर्षानुवर्षं एकेका पोराची फाईल उघडून याला हो, त्याला नाही असं केलं की कोर्टात तुमचा नियम टिकणार कसा? जज विचारणारच ना, की याला सोडलं मग याला का नाही?

आणि ज्याचा कोणी वकील नाही तो म्हणजे शाळेतून आत्ता बाहेर पडणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. सेटलमेंटमध्ये आलेल्या कॉलेजांना बास्केटबॉल टीममध्ये जास्तीत जास्त १५ जागा. तिथे तेवीस-चोवीस वर्षांचा, प्रो लीग खेळून आलेला माणूस बसला की एक जागा गेली, एक स्कॉलरशिप गेली. त्या मुलाचं नाव कुठल्याच केसमध्ये येत नाही, कारण त्याला ती जागा मिळालीच नव्हती.

आपल्याशी याचा संबंध आहे का? आहे. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग २०२०-२१ मध्ये जी लीग इग्नाइटकडून, म्हणजे कॉलेजऐवजी थेट पगारावर खेळणाऱ्या तरुण पोरांच्या टीमकडून, खेळला, तेव्हा इग्नाइट म्हणजे कॉलेजचा दरवाजा बंद असंच धरलं जायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच इग्नाइटचा माजी खेळाडू थिएरी डार्लन याला सांता क्लारा युनिव्हर्सिटीकडून खेळायची परवानगी मिळाली. काही वर्षांत तोच रस्ता बंदचा चालू झाला. त्यामुळे पुणे, मुंबई, नागपूरकडून कोणाचा मुलगा-मुलगी तिकडे खेळायला जायचा विचार करत असेल तर घरच्यांनी दोन गोष्टी आधी बघा. कुठल्याही लीगचं, एजंटचं कॉन्ट्रॅक्ट सही करण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसला, लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका, आणि जे पैसे मिळतील, अगदी प्रवासखर्च पण, त्याची पावती ठेवा. आणि दुसरं, एफ-वन म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर काम करायला कडक बंधनं आहेत, त्यामुळे टीममधला अमेरिकन मुलगा जी एनआयएल डील सहज सही करतो ती तुमच्या मुलाच्या व्हिसावर येऊ शकते, म्हणून तिथे इमिग्रेशनचा वकील गाठा, कोचचा शब्द पुरणार नाही.