एकाच गावाचे दोन शत्रू : टंचाई आणि पूर

मंडळी, 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, माढा, मोहोळ भागातली शेतं आणि घरं पाण्याखाली घातली. टंचाईशी जुनी ओळख असलेला हा मुलूख. दुष्काळाचा आराखडा एका फायलीत आणि पुराचा दुसऱ्या, ही पद्धत तिथे चालणार नाही. बैठक एकच हवी आणि शिवाराचा नकाशाही एकच.

सुरुवात मोजणीने करा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 1,000 हेक्टरांच्या शिवारात 400 मिलिमीटर पडला तर 400 कोटी लिटर होतात. आकडा ऐकून सभा खूश होते, पण आपल्या काळ्या पाषाणात त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो, म्हणजे 40 कोटी. 2,000 माणसांना रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 4 कोटी लागतात. 1,000 मोठ्या जनावरांना रोजचे 60 लिटर धरून सव्वादोन कोटी. उरले सुमारे 34 कोटी. उसाला हेक्टरी 2 कोटी धरा, 17 हेक्टरांत सगळं संपलं. हरभऱ्याला पाण्याच्या दोन पाळ्यांसाठी हेक्टरी 12 लाख धरा, तेवढ्याच पाण्यात 280 हेक्टर भिजतात. हे गणित फळ्यावर मांडलं की भांडण व्यक्तींचं राहत नाही, पिकांचं होतं. मुरण्याचं प्रमाण मात्र खडकागणिक बदलतं, म्हणून शेजारच्या गावाचा आकडा उचलू नका.

किती पाणी मुरलं याची खात्री करायला शिवारभर पसरलेल्या दहा-बारा विहिरी निवडा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चअखेर पातळी घ्या, तीही रात्रभर मोटार बंद ठेवून पहाटे. उपसा चालू असताना घेतलेली पातळी फसवते.

ग्रामसभा रब्बीच्या पेरणीआधी आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याआधी घ्या. उशीर झाला की भूमिहीन कुटुंबं गैरहजेरीतच ठरावात धरली जातात, आणि टंचाईचा पहिला फटका त्यांनाच बसतो. कोणता हातपंप आधी कोरडा पडतो हे पाणी भरणाऱ्या बायांना अचूक माहीत असतं. त्यांना आधी बोलू द्या, मग बागायतदारांना. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस-केळी लावायला बंदी घातली. ती टिकते, कारण तिथे दरवर्षी पावसाचा हिशेब गावासमोर मांडून पीक ठरतं. नुसत्या सह्यांच्या ठरावाला डिसेंबरमध्ये कोणी विचारत नाही.

आता पुराचं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे आणि ऑक्टोबरात बसवायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ते अडकून राहतात, कारण काम कोणाचं हे कागदावर नसतं. बर्गे अडकले की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडतं आणि शेजारच्याची माती घेऊन जातं. म्हणून माणसाचं नाव, तारीख, मजुरी आणि रबरी सील कुठे ठेवलंय, एवढं ठरावातच लिहा.

पाझर तलावाची फेरी मेमध्येच मारा. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, कोणी वाफे केलेत का, भरावावर झाडं वाढलीत का, घुशींची बिळं दिसतात का, हे पाहा. मोठी झाडं उपटू नका. मुळांच्या पोकळ्या राहतात, जाणकार अभियंत्याला विचारून पुढचं ठरवा. पावसाळ्यात भरावाच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर त्यावर नजर ठेवा. ते गढूळ झालं तर आतली माती निघते आहे असं समजून खालच्या वस्त्या लगेच हलवा आणि तहसील कार्यालयाला कळवा.

नाला खोल केला, पण ओघावरचं अतिक्रमण आणि रस्त्याखालची अरुंद मोरी तशीच ठेवली, तर उन्हाळ्यात विहिरीला दिलासा देणारा तोच नाला सप्टेंबरात वस्तीत शिरतो. त्यामुळे खोलीकरणाच्या ठरावात मोरीची रुंदी आणि सांडव्याची वाट आधी लिहून घ्या. वरच्या गावाने खालच्या गावाला फोन करायचा, रात्री कोण जागं राहणार, नदीपात्रालगतच्या पालांवर कोण धावत जाणार, ही नावंही त्याच वहीत टिपा.