बंद खाणीतले खांब

नमस्कार, श्रोतेहो.

कोळसा संपला किंवा परवडेनासा झाला, की भूमिगत खाण बंद होते. कामगार वर येतात, पंप थांबतात, तोंड बुजवलं जातं. खाली पोकळ्या मात्र तशाच राहतात. त्यांच्यावरचा सगळा खडक पेलतात ते न कापता मागे ठेवलेले कोळशाचे खांब.

खांब किती जाड हवेत, हे शास्त्र फार मोठी किंमत मोजून आलं. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रूक खाणीत एकामागून एक खांब चिरडले गेले आणि ४३५ माणसं खालीच राहिली. एक खांब मोडला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, म्हणून पडझड पसरत जाते. पुढे १९६७ मध्ये सॅलामन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेल्या आणि कोसळलेल्या खांबांच्या नोंदींवरून सूत्र बसवलं: खांब रुंद तितका बळकट, उंच तितका दुबळा.

बंद खाणीत नेमकं हेच माप बिघडत जातं. कडांचे पापुद्रे सुटून रुंदी घटते, छत पडलं की खांबाची उंची वाढते. शिवाय पाणी चढू लागतं. पूर्ण भरून स्थिर झालेलं पाणी वरच्या भाराला थोडा आधारच देतं. धोका असतो तो पातळी चढताना आणि वरखाली होताना. तळाची माती भिजून मऊ पडते आणि खांब तिच्यात रुततात.

मला जास्त काळजी वाटते ती उथळ खाणींची. छताचे तुकडे पडत पडत पोकळी वर सरकते. फुटलेला खडक जास्त जागा व्यापतो, म्हणून खोल खाणीत ती वाटेतच भरून जाते. वरचा खडक पातळ असेल तर थेट जमिनीपर्यंत पोचते. अशी जमीन खाण बंद झाल्यावर शंभर वर्षांनीही खचू शकते, आणि तोवर वर वस्ती झालेली असते.

राख आणि सिमेंटचं मिश्रण बोअरमधून सोडून पोकळी भरता येते, पण ती कुठे आहे हे कळलं तर. ब्रिटनमध्ये बंद खाणीचा नकाशा सरकारकडे देणं १८७२ च्या कायद्याने बंधनकारक झालं. त्याआधीच्या कितीतरी खाणींचा कागदच नाही. म्हणून कोळशाच्या पट्ट्यात घर किंवा शाळा बांधताना आधी जुना नकाशा मागा. तो मिळाला नाही, तर बोअर घेऊन खालचा खडक तपासल्याशिवाय पाया खोदू देऊ नका.