मातीच्या चुली आणि मरीआईचा गाडा

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. म्हणजे जेवणाला अजून अर्धा तास अवकाश आहे.

गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. नोकरी गेली. इथल्या, अमेरिकेच्या, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, म्हणजे 60 दिवसांत दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर मुलांच्या शाळेसकट सगळं आवरायचं. मी वडिलकीच्या सुरात म्हणालो, "अरे, चालायचंच. घरोघरी मातीच्या चुली." फोन ठेवला तशी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही लोक असलं काही म्हणालात ना, की फोन संपतो."

मराठी शाळेत हिला म्हणींना दहापैकी चार मार्क. आणि ही मला शिकवणार!

पण डोक्यातून जाईना. सगळ्यांच्याच वाट्याला येणाऱ्या दुःखावर आपल्याकडे म्हणींचा तुटवडा नाही. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. सुक्याबरोबर ओलंही जळतं. दुष्काळात तेरावा महिना तर रिकाम्या कणगीकडे बघतच कुणीतरी म्हटलं असणार. 1972च्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेले इथे बरेच जण बसलेत. ती याच देशातून यायची, आपण तिच्या उलट्या दिशेने आलो. त्या वर्षी भल्या घरची माणसंही खडी फोडायला गेली, सुकडीच्या रांगेत उभी राहिली. तिथे कुणी 'मातीच्या चुली' म्हटलं, तर म्हणणाराही त्याच रांगेत असायचा. मी म्हणालो ते ग्रीन कार्ड खिशात ठेवून.

आणि आपण फार प्रेमळ होतो अशातलाही भाग नाही. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की गावं काय करायची? मरीआईचा गाडा. लाकडाचा छोटा गाडा, वर देवी, हळदकुंकू, लिंबं, नैवेद्य. वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे ढकलून मागे न बघता परतायचं. पलीकडचं गाव तो पुढच्या शिवेवर नेणार. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा. कुणी नोकरी गेल्याचं लिहिलं की आधी हात जोडलेल्या चित्रांची रांग, मग एखादी म्हण, आणि लगेच कुणीतरी विचारतं, "हा ग्रुप फक्त कार्यक्रमांसाठी आहे ना?" गेला गाडा शिवेपार. मुलगी म्हणते तसा फोन संपतो तो इथेच.

बाळंतपणात, ऑपरेशननंतर डबे पोचवणारी हीच मंडळी आहेत, हेही खरं. आळीपाळीचा तक्ता काय, तिखट कमी घालायच्या सूचना काय! पण नोकरी गेलेल्याच्या दारात डबा घेऊन जायला आपण कचरतो. त्याला लाज वाटेल, असं आपण म्हणतो. ती लाज त्याची किती आणि आपली किती, मला ठरवता आलेलं नाही. काही जण तर सणाला नेहमीसारखे नटून येतात, वर्गणी भरतात, आणि घर विकायला निघाल्यावर आपल्याला कळतं.

परवा मुलीने विचारलं, "तुझी नोकरी गेली तर तू मंडळात कुणाला सांगशील?" कार्यकारिणीला नक्कीच नाही, आरतीच्या आधी गावभर होईल. बराच विचार केला. दोन नावं सुचली. त्यातलं एक आता पुण्याला परत गेलंय.