'रन' नेमकं करतं काय?

मंडळी, भाषांतराच्या कामाला नवीन होतो तेव्हा एका कथेत धुवून वाळत घातलेल्या चादरीचं वर्णन आलं. 'द कलर्स हॅड रन.' मी बिनधास्त लिहून मोकळा झालो, 'रंग पळाले होते.' संपादकांनी समासात एकच शब्द लिहून कागद परत केला: 'कुठं?'

तेव्हापासून 'रन'वर माझा डूख आहे. तशी इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द ही ख्याती बरीच वर्षं 'सेट'ची होती. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत, आणि ते सांगायला साठेक हजार शब्द खर्ची पडलेत. पुढं नव्या आवृत्तीसाठी 'रन' तपासायला घेतलं. कोशकार पीटर गिलिव्हर नऊ महिने त्या एका शब्दात अडकले होते. हाती लागले ६४५ अर्थ, तेही नुसत्या क्रियापदाचे! नामाचे वेगळे.

एवढे आले कुठून? यंत्रयुगाचा हात मोठा आहे. पूर्वी माणूस, घोडा, पाणी एवढंच 'रन' करी. मग इंजिन आलं, गिरणी आली, शेवटी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आला. आपण या सगळ्यांना 'चालतं' म्हणतो. इंग्रजाचं यंत्र धावतं, आपलं चालतं. काम तेवढंच होतं. (आगगाडी मात्र आपल्याकडेही धावते. का, ते मला विचारू नका.)

पण सगळं खापर यंत्रांवर फोडता येत नाही. 'हर नोज इज रनिंग' यातलं नाक आपल्याला गमतीचं वाटतं, जणू कुणीतरी उपमा ताणलीय. तसं नाही. जुन्या इंग्रजीत याच शब्दाला धावणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'रिनेन' आजही पाण्याच्या वाहण्याबद्दलच बोलतो. म्हणजे नाक वाहतं, चादरीचा रंग उतरून पसरतो, ते या शब्दाच्या घरचंच. माझे 'रंग पळाले' तिथंच फसले: मी शब्द पाहिला, चादर पाहिली नाही.

म्हणून मुलांना सांगतो, 'रन' दिसलं की आधी कर्ता बघा, मग कर्म. कारखाना असेल तर चालवायचा. यादीवरून बोट असेल तर फिरवायचं. धोका असेल तर पत्करायचा. मागं 'आउट' चिकटलं आणि दूध असेल तर ते संपलं. फलंदाज असेल तर धावबाद झाला.

निवडणुकीत तर दोन इंग्रज्यांचंच जमत नाही. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड'. एक धावतो, दुसरा उभा. आपलाही उभाच राहतो.

मागं एका व्याख्यानात हे सांगून मी टाळ्या घेतल्या. नंतर मराठी शिकणारे एक परदेशी गृहस्थ वही घेऊन आले. म्हणाले, 'तुम्हाला भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, डोळा लागतो. भाचा तुमचा कोणीतरी लागतो. ते समजलं. पण निवडणुकीचा निकाल लागतो, तो कशाला लागतो?'

मी म्हटलं, चहा घेऊ या.