बारा तास भरले, गाडी माळावर उभी

समजा, रात्रीचे अडीच वाजलेत. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, भर माळ, आणि त्यात एक पॅसेंजर गाडी उभी. इंजिन ठणठणीत आहे. सिग्नल हिरवा आहे. तरी गाडी हलत नाही, कारण ड्रायव्हरचे बारा तास भरलेत. यापुढे गाडी चालवायला कायदा त्याला परवानगी देत नाही.

तिथले रेल्वेवाले अशा क्रूला म्हणतात ‘डेड ऑन द लॉ’. कायद्याने मेलेला क्रू! मग त्यांना सोडवायला दुसरा क्रू रस्त्याने येतो, त्याला म्हणतात ‘डॉगकॅचर’, म्हणजे कुत्री पकडणारा. आता हे नाव कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

आणि ‘मेलेले’ काय करतात? व्हॅनची वाट बघत बसतात. तळावर परत पोचेपर्यंतचा हा वेळ ड्युटीत धरत नाहीत, आणि विश्रांतीतही धरत नाहीत. त्याचं नाव ‘लिंबो टाइम’. आपण सरळ त्रिशंकू म्हणू या. म्हणजे कागदावर बारा तास, आणि माणूस घरी पोचतो चौदाव्या-पंधराव्या तासाला.

कामाच्या तासांचा पहिला कायदा 1907 चा. तेव्हाची मर्यादा ऐका: सोळा तास. 1969 च्या दुरुस्तीनंतर ती बारावर आली. पॅसेंजर गाडीच्या क्रूला पुढच्या ड्युटीआधी सलग आठ तास सुट्टी मिळायलाच हवी, आणि सलग बारा तास काम केलं असेल तर दहा. ऐकायला बरं वाटतं. पण त्या आठातून घरी जाणं-येणं, आंघोळ, जेवण वजा करा. झोपेला उरले किती? पाच, फार तर साडेपाच.

मुळात बारा तास पुरत का नाहीत? कारण ही गाडी ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय पॅसेंजर रेल्वे कंपनीची, आणि तिच्या मालकीचे रूळ थोडेच आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी ती मालगाड्यांच्या कंपन्यांच्या रुळांवर धावते. पॅसेंजरला आधी वाट द्या, असं कायदा 1973 पासून सांगतोय. पण मालगाड्या आता इतक्या लांबलचक झाल्यात की त्या लूप लाइनमध्ये, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळावर, मावतच नाहीत. मग बाजूला कोण उभं राहतं? पॅसेंजर. आणि तिकडे ड्रायव्हरचं घड्याळ चालूच.

आता पैशाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

ॲमट्रॅक 1 मे 1971 ला सुरू झाली, आणि तेव्हापासून दर वर्षी ती अमेरिकी संसदेच्या तोंडाकडे बघते. आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, पण बजेट क्वचितच तोवर मंजूर होतं. मग तात्पुरती सोय: गेल्या वर्षीइतकेच पैसे घ्या, काही आठवडे चालवा, पुढचं पुढे. 2021 च्या कायद्याने 22 अब्ज डॉलर दिले खरे, पण तेही 2022 ते 2026 एवढ्याच आर्थिक वर्षांपुरते. शिवाय 750 मैलांपेक्षा कमी अंतराच्या बहुतेक मार्गांचा खर्च राज्यांनी उचलायचा. इंडियानाने 2019 मध्ये हात आखडता घेतला, आणि शिकागो-इंडियानापोलिस ‘हूझियर स्टेट’ 30 जूनला शेवटची धावली.

आता तुम्ही म्हणाल, याचा ड्रायव्हरच्या झोपेशी काय संबंध? 2020 बघा. कोविड, प्रवासी नाहीत, पैसे नाहीत. ऑक्टोबरपासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या रोजच्याऐवजी आठवड्यातून तीनदा, आणि हजाराहून जास्त लोक घरी. 2021 मध्ये मदतीचे पैसे आले, लोकांना परत बोलावलं, गाड्या पुन्हा रोज सुरू. आणि जानेवारी 2022 मध्ये? क्रूच कमी! न्यूयॉर्क-मायामी ‘सिल्व्हर मीटियर’ बंद पडली ती थेट ऑक्टोबरपर्यंत.

पैसे एका सहीने येतात हो, ड्रायव्हर येत नाही. त्याला तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि त्यानंतरही प्रत्येक मार्ग वेगळा शिकावा लागतो: कुठे उतार आहे, कुठलं वळण आंधळं आहे, धुक्यात सिग्नल नेमका कुठे शोधायचा. पुढच्या वर्षीचं बजेट माहीत नसताना आज कोण भरती करणार? मग आहेत त्यांनाच ताणायचं. ‘एक्स्ट्रा बोर्ड’वरच्या, म्हणजे राखीव यादीतल्या, माणसाला ठरलेली पाळीच नसते, फोन वाजला की निघायचं. आज पहाटे, परवा मध्यरात्री.

एक गोष्ट राहिली. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी ‘कॅलिफोर्निया झेफर’ सुमारे 52 तास चालते. ड्रायव्हर आणि कंडक्टर वाटेत बदलतात. पण डब्यातला अटेंडंट, डायनिंग कारमधला स्वयंपाकी? ते पूर्ण प्रवासभर तेच. बारा तासांचा तो कायदा त्यांना लागूच नाही. त्यांची विश्रांती युनियनच्या करारावर.

नेब्रास्काच्या माळावर नवा ड्रायव्हर चढतो, जुना व्हॅनमध्ये बसतो, तेव्हा डब्यात कोणीतरी प्रवाशांना सांगत असतं, ‘झोपा, निघतोय आता.’ तो काल दुपारी शिकागोला चढलाय, आणि त्याला उद्या कॅलिफोर्नियात उतरायचंय.