हॅम्बुर्गला बोट लागणार, पण कुठे?

नमस्कार मंडळी! इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून ख्रिसमस मार्केटच्या क्रूझवर निघणाऱ्यांचा एकच प्रश्न सारखा येतो: हॅम्बुर्गला एकच दिवस आहे, काय काय बघू? त्याआधी माझा उलटा प्रश्न. तुमची बोट लागणार कुठे? मळमळवाली बोट लागणं नव्हे हो. एल्बे नदीत शिरलात की ती भीती संपते, कारण हे बंदर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे.

सोप्या गोष्टी पटकन. पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनचा व्हिसा जर्मनीत चालत नाही, एका दिवसासाठीही शेंगेन व्हिसा लागतो. अंगावर तीन स्वेटर चढवून उपयोग नाही, सगळ्यात वरचं जॅकेट वारा अडवणारं हवं. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. झालं.

आता मुद्दा. हॅम्बुर्गला क्रूझची टर्मिनल तीन आहेत: हाफेनसिटी, आल्टोना आणि स्टाइनवेर्डर. हाफेनसिटीला उतरलात तर भुयारी रेल्वेची यू-४ जवळच. आल्टोनाला उतरलात तर नदीकाठाने चालत फिशमार्केट गाठता येतं. स्टाइनवेर्डर मात्र नदीच्या दक्षिणेला, गोद्यांच्या मधोमध. तिथे भुयारी रेल्वे नाही. बोटीची शटल बस किंवा टॅक्सी, हेच सोपं.

कमेंटमध्ये हमखास कोणीतरी लिहितं, ‘नदीखालून जुना बोगदा आहे ना, चालत जाऊ.’ आहे, १९११ सालचा. पाण्याखाली २४ मीटर, लांबी ४२६ मीटर, पादचाऱ्यांना फुकट. लिफ्टने उतरा, भिंतींवरच्या फरशांत मासे, खेकडे, एक जुना बूटसुद्धा कोरलेला दिसेल. जरूर बघा. पण त्याचं दक्षिणेकडचं तोंड टर्मिनलच्या दारात उघडत नाही! तिथून पुढे ट्रकच्या रस्त्याने, उघड्या वाऱ्यात बरीच पायपीट आहे.

परतताना पुन्हा तेच. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ टर्मिनल’ एवढंच सांगितलंत तर तो विचारणार, कुठलं? सकाळी उतरतानाच गेटवरच्या पाटीचा फोटो काढा, तोच त्याला दाखवा.

आणि घड्याळ. ब्रिटनहून आलेली बोट कधी कधी ब्रिटनचीच वेळ ठेवते. जर्मनी एक तास पुढे, आणि फोन किनाऱ्यावर आला की आपोआप बदलतो. बोटीवर परतायची वेळ कोणत्या घड्याळाने दिली आहे, ते रिसेप्शनला विचारूनच खाली उतरा.

डिसेंबरात सूर्य साडेआठला उगवतो आणि चारला मावळतो. म्हणून उघड्यावरचं सगळं आधी. लांडुंग्सब्रुकन या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी पकडा. ही पर्यटकांची सफर नव्हे, इथल्या लोकांची रोजची वाहतूक आहे. शहराच्या बस-रेल्वेचा दिवसाचा पास इथेही चालतो. फिंकनवेर्डर या शेवटच्या थांब्यापर्यंत जेमतेम अर्धा तास. जाताना उजवीकडे बसा, शहराचा काठ त्या बाजूला येतो. फोटोपुरतं वरच्या डेकवर जा, बाकी वेळ खाली उबेत.

या धक्क्याची एक गंमत. तो तरंगता आहे. भरती-ओहोटीत पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि धक्का त्याच्याबरोबर. त्यामुळे भरतीला रस्त्यावरून धक्क्यावर उतरणारा पूल जवळपास सपाट असतो आणि ओहोटीला तोच चांगला उतार होतो. वर दव गोठलेलं असेल तर बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन जपून. कठडा धरा.

गारठलात तर यू-३ मध्ये बसा. लांडुंग्सब्रुकन ते र‍्योडिंग्समार्क्ट हा टप्पा जमिनीवरून, उंच पुलावरून जातो. काचेमागे बसल्या बसल्या बंदर दिसतं. मधल्या बाउमवाल स्टेशनला उतरलं की एल्बफिलहार्मोनी, म्हणजे बंदरातली संगीतसभागृहाची इमारत. तिचा प्लाझा, म्हणजे शहर बघायचा मजला, ३७ मीटरवर आहे आणि वर नेणारा सरकता जिना चक्क कमानीसारखा वाकलेला, त्यामुळे खालून वरचं टोक दिसतच नाही. बाहेरच्या गच्चीवर वारा मात्र थोबाडीत मारतो.

मागेच श्पायखरश्टाट, लाल विटांची वखारनगरी, २०१५ पासून जागतिक वारसा. कॉफी, चहा, मसाले इथे कालव्यातून होडीने येत आणि छपराखालच्या कप्पीने वर ओढले जात. वर बघा, त्या कप्प्या अजून आहेत. इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक ‘फेफरझॅक’ म्हणत, म्हणजे मिरीचं पोतं!

अंधार पडला की राटहाउससमोरचं, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरचं, ख्रिसमस मार्केट. ग्लूवाइनच्या (गरम, मसालेदार वाइनच्या) कपाचे डिपॉझिट वेगळे घेतात. कप परत द्या, पैसे मिळतात. शाकाहारींनी कार्टोफेलपुफर घ्या, किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत धिरडं, सोबत सफरचंदाचा गर. त्यात बहुतेकदा अंडं असतं, चालत नसेल तर विचारा. मुख्य म्हणजे ते गरम असतानाच संपवा, त्या थंडीत पाच मिनिटांत चामडं होतं.

रविवारी आलात तर दुकानं बंद. फिशमार्केट मात्र भरतं, हिवाळ्यात सकाळी सात ते साडेनऊ. आणि स्टाइनवेर्डरवाले, शेवटची शटल किती वाजता, हे लिहून घेतलंत ना?