बाटलीवरचे गावाचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

शेतमाल बाजारात आला की तो कोणत्या शिवारात पिकला हे सहसा विसरले जाते; वाइनच्या बाबतीत मात्र बोर्दो, शॅम्पेन, रिओहा ही मुळात प्रदेशांचीच नावे आहेत आणि मालाचा भावही त्यांवरच ठरतो. जगातील जवळजवळ निम्मी वाइन इटली, फ्रान्स आणि स्पेन या तीन देशांत तयार होते, याला हवामान कारण आहेच, पण या नावांची पतही आहे. ती पत कायद्याने राखण्याची वेळ कशी आली, ते आज आवर्जून सांगायचे आहे.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नावाचा, माव्याच्या जातकुळीतला बारीक कीटक फ्रान्समध्ये शिरला. तो मुळांतला रस शोषतो, मुळे सडतात आणि वेल वाळून जाते. १८६८ मध्ये प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह तो ओळखला, तरी बागांमागून बागा उजाड होतच राहिल्या. उपायही अमेरिकेतूनच आला: तिथल्या रानवेली ही कीड सोसत असल्यामुळे त्यांच्या खुंटांवर युरोपातील वेलींचे कलम बांधले गेले आणि आज जगातील बहुतेक नामांकित द्राक्षबागा या परक्या मुळांवर उभ्या आहेत. ज्या पिकाचा सारा अभिमान आपल्या मातीचा, त्याची ही हकीकत मला फार विलक्षण वाटते.

त्या टंचाईत भेसळ बोकाळली. बेदाणे भिजवून, साखरपाणी मिसळून वाइन बनू लागली. पुढे बागा सावरल्या, उत्पादन वाढले, भेसळ मात्र थांबली नाही आणि भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील लांगदोक प्रदेशाचे द्राक्ष उत्पादक लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. तिथल्या नारबोन शहरात सैनिकांच्या गोळीबारात माणसे दगावली. फ्रान्समधील १९३५ च्या कायद्याने प्रदेशाची सीमा, द्राक्षांचे वाण आणि हेक्टरी उत्पादनाची मर्यादा ठरवून दिली, तेव्हा कुठे गावाचे नाव हे तिथल्या उत्पादकांचे सामाईक धन ठरले.

आता त्या धनाला तापत चाललेल्या हवामानाचा धोका आहे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील ब्यून येथे द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यावरून दिसते की, १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने सरासरी तेरा दिवस लवकर होऊ लागली आहे.